हँडल डावीकडं वळवलं की रेडिओ गप्प: मोटरसायकलवर बसवलेल्या रेडिओचं परत परत येणारं दुखणं

रेडिओ बदलायच्या आधी त्याची काळी वायर कुठं जाऊन थांबते ते बघा. हे मला कुणी आधी सांगितलं असतं तर एक रेडिओ, दोन स्पीकर आणि किमान सहा रविवार वाचले असते.

आधी लक्षणं सांगतो, तुमची जुळतात का बघा. गाडी जुनी थंडरबर्ड ३५०, केए-२२ म्हणजे बेळगाव पासिंग. पुढं फायबरची मोठी फेअरिंग, म्हणजे हँडलपुढचं आवरण, तिच्यात कारचा सिंगल डिन (एका खणाच्या मापाचा) रेडिओ आणि दोन स्पीकर. सगळं बाहेरून बसवून घेतलेलं. दारात उभ्या गाडीवर झकास वाजायचा. गाडी चालू केली की मागं ‘वीं’ असा बारीक आवाज, अ‍ॅक्सिलरेटर पिळला की तोही वर चढायचा. सेल्फ मारला की रेडिओ बंद होऊन परत सुरू व्हायचा, घड्याळ बारावर, लावून ठेवलेली स्टेशनं साफ. आणि हँडल पूर्ण डावीकडं वळवलं की कधी कधी एकदम गप्प. दुरुस्त करून आणलं की पंधरा दिवस बरं. एक मोठा पाऊस झाला की मागचं पुढं सुरू.

ज्या दुकानात फेअरिंग बसवली, त्यांनी पहिल्यांदा फेअरिंग धरणाऱ्या लोखंडी कंसाचा रंग खरवडून, काळी वायर जिथं जोडलेली तो बोल्ट घट्ट केला. पंधरा दिवस गाडी छान. मग परत तेच. दुसऱ्या एका वर्कशॉपमध्ये म्हणाले, रेडिओच गेलाय. नवा बसवला. त्याच वेळी ‘स्टेशन नीट येईल’ म्हणून अँटेना फेअरिंगवरून काढून मागच्या कॅरिअरवर नेला. त्यानंतर रेडिओ गप्प व्हायचा थांबला, खरं ‘वीं’ मात्र दुप्पट झाली. तेव्हा मी ते दोन वेगळे आजार समजत होतो. मूळ आजार एकच होता आणि अँटेना मागं नेऊन आम्ही तो झाकून ठेवला होता, हे कळायला पुढचा पावसाळा उजाडावा लागला.

कळलं ते टिळकवाडीच्या रेल्वे गेटवर. गेट पडलेलं, पुढं टेम्पो, डावीकडं जरा जागा होती म्हणून हँडल वळवून गाडी आत घातली. बातम्या चालू होत्या, त्या मधेच तुटल्या. हँडल सरळ केलं, निवेदक पुढच्या वाक्यात. परत डावीकडं, गप्प. परत सरळ, सुरू. शेजारचा रिक्षावाला बघत होता. म्हणाला, ‘हँडलला बटण लावलंय काय ओ?’ बटणच होतं ते, फक्त कुणी लावलेलं नव्हतं.

त्या शनिवारी उद्यमबागेतल्या एका ओळखीच्या वायरमन मामांकडं गेलो. मामा आयुष्यभर लेथ आणि मिलिंगच्या मोटारींची वायरिंग करत आलेले, मोटरसायकलला हात लावायला नाखूश. रेडिओ ब्लूटूथवर लावला, हँडल डावीकडं वळवून ठेवायला सांगितलं आणि रेडिओच्या मागची अँटेनाची पिन उपसली. रेडिओ बंद. पिन घातली, रेडिओ सुरू.

अँटेना काढला तर फार तर स्टेशन जाईल. ब्लूटूथवरचं गाणं आणि रेडिओचा दिवासुद्धा का जावा? मामांनी व्होल्ट मोजायचा मीटर बाजूला ठेवला आणि म्हणाले, ‘रेडिओ बरा हाय की. परतीचा रस्ता खराब हाय. करंट अँटेनाच्या जाळीतनं घरी जाऊलालाय.’

हे जरा नीट सांगतो, कारण सगळं इथंच आहे. बॅटरीच्या प्लसमधून करंट पिवळ्या वायरनं रेडिओत येतो, काम करून काळ्या वायरनं परत बॅटरीच्या मायनसला जातो. कारमध्ये काळी वायर डॅशबोर्डमागच्या पत्र्याला मारली तरी चालतं, कारण पत्रा सगळीकडं जोडलेला. मोटरसायकलला तसं नाही. माझी काळी वायर फेअरिंगच्या कंसाला होती. कंस पावडर कोटिंग केलेला. तो वरच्या टीला, म्हणजे हँडल ज्यावर बसतं त्या तुकड्याला, बोल्टनं बसलेला. टी चॅसीला कशानं जोडलेली? कोनसेटनं. म्हणजे ग्रीसमध्ये बुडालेल्या लोखंडी गोळ्यांनी. हँडल वळलं की गोळ्या फिरणार, कुठं टेकणार, कुठं ग्रीसचा थर मधे येणार. माझ्या रेडिओचा सगळा करंट त्या गोळ्यांवरून जात होता. कोनसेट हँडल फिरावं म्हणून असतो, वीज वाहावी म्हणून नसतो.

आणि खरवडलेला रंग? बेळगावचा पाऊस, त्यात मी महिन्यातून दोनदा खानापूर-जांबोटीकडं जाणारा. उघडं लोखंड आठ दिवसांत तांबूस होतं. म्हणून दुरुस्ती पंधरा दिवसच टिकायची. दुकानदार फसवत नव्हता, चुकीच्या ठिकाणी घासत होता.

घरचा रस्ता असा अडला की करंट दुसरी वाट शोधतो. अँटेना कॅरिअरवर गेला तेव्हा त्याच्या केबलची बाहेरची जाळी चॅसीला टेकली आणि करंटला आडवाट मिळाली. रेडिओ गप्प व्हायचा थांबला, पण ज्या जाळीनं बारीकसा सिग्नल सांभाळायचा तिच्यातून आता अँपिअरनं करंट. त्यातून ‘वीं’. पुढं पावसात कॅरिअरखालचा जोड गंजला, ती वाटही अधूनमधून तुटायला लागली आणि गेटवरचा तमाशा झाला. ज्यांच्या गाडीला अँटेना नाही त्यांचा करंट मोबाइल चार्जिंगच्या केबलमधून नाहीतर क्लच केबलच्या बाहेरच्या कवचातून पळतो. क्लच केबल हाताला कोमट लागली तर हसण्यावारी नेऊ नका.

मीटर घेऊन हे असं तपासा. साधा अडीचशे-तीनशेचा मीटर चालतो, कुठल्याही इलेक्ट्रिकलच्या दुकानात मिळतो. डीसी २० व्होल्टवर लावा. रेडिओ चालू करून आवाज मोठा करा, हे महत्त्वाचं, करंट वाहत असतानाच हे कळतं. मीटरची एक पिन रेडिओच्या काळ्या वायरच्या जोडावर, दुसरी थेट बॅटरीच्या मायनस टोकावर. दोन्ही मायनसच, म्हणजे मीटरनं जवळजवळ शून्य दाखवायला हवं. ०.१ व्होल्टपर्यंत ठीक. ०.२ च्या वर गेलं की संशय घ्या. आता कुणाला तरी हँडल एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत हळू फिरवायला सांगा आणि आकड्यावर डोळा ठेवा. माझ्याकडं अँटेनाची पिन काढून सरळ हँडलला ०.६ होते आणि डावीकडं जाता जाता १.४ दाखवून रेडिओ मेला. आकडा हँडलबरोबर नाचत असेल तर पुढचं काही तपासू नका, दोष सापडला.

‘बीप’वर विश्वास ठेवणाऱ्यांसाठी एक सांगायला हवं. दुसऱ्या वर्कशॉपच्या पोरानंही मीटर लावला होता. कंटिन्यूइटीचा बीप वाजला आणि तो म्हणाला, अर्थ एकदम ओके. बीप काढायला मीटर अगदी किरकोळ करंट सोडतो. अर्धा ओहम अडथळा असला तरी तो बीप मारतोच. पण रेडिओ ३ अँपिअर ओढायला लागला की त्याच अर्ध्या ओहमवर दीड व्होल्ट खर्च होतात. बीपनं वायर तुटलीय का कळतं, वायर ओझं वाहील का ते कळत नाही.

इलाज दहा मिनिटांचा. काळी वायर कंसावरून काढली. दीड स्क्वेअरची (दीड चौरस मिलिमीटर जाडीची) नवी वायर, साधारण दीड मीटर, रेडिओपासून सरळ बॅटरीच्या मायनसपर्यंत. टोकाला लग (बोल्टमध्ये अडकवायचं धातूचं कडं) नुसता प्लायरनं चेपलेला नाही, क्रिम्पिंगच्या पक्कडनं दाबलेला, वरून गरम केली की आवळून बसणारी हीटची स्लीव. बॅटरीच्या टोकाला जरा व्हॅसलिन. परत मीटर लावला: ०.०५. हँडल इकडून तिकडं, आकडा हलला नाही. ‘वीं’ गेली ती आजतागायत आलेली नाही. प्लसची बाजूही तशीच तपासली, पिवळी वायर आणि बॅटरीचा प्लस यांच्यामधला फरक. तिथं ०.३ निघाला, फ्यूजचा होल्डर हिरवा पडला होता. तो बदलला.

नवी वायर टाकताना हँडलच्या मानेपाशी तिला सैल वळसा ठेवा. टीला एक टाय आणि चॅसीला एक टाय, मधे वायर ताणलेली, असं बऱ्याच गाड्यांवर बघतो. दर वळणाला ती ओढली जाते, सहा महिन्यांत आतले तंतू तुटतात आणि बाहेरून वायर नवीकोरी दिसते. प्लसची वायर तिथं घासून सोलली तर फ्यूज उडेल. फ्यूज बॅटरीपासून वीतभर अंतरातच हवा. रेडिओच्या पाठीमागं जो छोटा फ्यूज असतो तो रेडिओला वाचवतो, बॅटरीपासून रेडिओपर्यंतच्या वायरला नाही. फक्त डावीकडं वळताना फ्यूज उडत असेल तर रेडिओ सोडा, मानेपाशी टाकीखाली टॉर्च मारा.

आता घड्याळ बारावर जाण्याचं. याची एक सोपी परीक्षा आहे आणि त्याला मीटरही लागत नाही: सेल्फऐवजी किक मारून गाडी चालू करा. किकवर रेडिओ वाजत राहिला आणि सेल्फवर मेला तर व्होल्टेज पडतंय. सेल्फ फिरताना चांगली बॅटरीसुद्धा १० व्होल्टच्या आसपास उतरते. त्यात खराब अर्थिंगवर एक व्होल्ट गेला की रेडिओला नऊच उरतात आणि तो मान टाकतो. माझ्याकडं नव्या वायरनं हेही आपोआप थांबलं. तुमच्याकडं थांबलं नाही तर बॅटरी बघा. रात्रभर उभ्या गाडीवर सकाळी १२.६ व्होल्ट किंवा जास्त हवेत, १२.२ म्हणजे निम्मी उतरलेली. सेल्फ मारताना ९.६ च्या खाली गेली तर तिचं वय झालं. गाडी चालू असताना, जरा रेस देऊन, १३.८ ते १४.५ च्या मधे दिसायला हवं. १५ च्या वर दिसलं तर रेडिओ लगेच बंद करून चार्जिंगचं व्होल्टेज आवरणारा रेग्युलेटर तपासून घ्या.

इथं एक फरक लक्षात ठेवा. काही गाड्यांत सेल्फ दाबल्यावर चावीची लाइन क्षणभर तोडलेलीच असते, म्हणजे रेडिओ बंद होऊन परत लागणं हा दोष नाही. घड्याळ मात्र पुसता कामा नये. घड्याळ पुसलं म्हणजे पिवळ्या वायरचा करंट गेला.

पिवळी आणि लाल यांचं लग्न लावून देणं हा आपल्याकडचा फार जुना उद्योग. कारच्या रेडिओत पिवळी कायम बॅटरीवर असते, आठवण सांभाळायला. लाल चावीवर असते, चालू-बंद करायला. दोन्ही पिळून चावीच्या लाइनवर दिल्या तर बऱ्याच रेडिओंमध्ये रोज स्टेशनं परत लावा. दोन्ही बॅटरीवर दिल्या तर चावी काढली तरी रेडिओ जागाच, बटण विसरलात की सकाळी किक. माझी बॅटरी १४ अँपिअर-अवरची. बंद रेडिओ समजा ३० मिलिअँपिअर खात असेल, स्वस्तातले स्क्रीनवाले त्याहून जास्तही खातात, तर दहा दिवसांत ७.२ अँपिअर-अवर गेले. निम्मी बॅटरी, आणि तुम्ही नुसते कामाला पुण्याला गेला होता. मी लाल वायर रिलेवरून घेतली. रिले म्हणजे विजेच्या इशाऱ्यानं चालणारं बटण, पुढचे आकडे त्याच्या पिनांवर छापलेले असतात: चावीच्या लाइननं ८६ ला इशारा, ८५ मायनसला, ३० वर बॅटरीचा प्लस फ्यूजमधून, ८७ वरून रेडिओची लाल. पिवळी वेगळ्या १० अँपिअरच्या फ्यूजवरून थेट. गाडी पंधरा-पंधरा दिवस उभी राहत असेल तर सरळ दोन्ही चावीवर घ्या आणि घड्याळ विसरा. मनगटावर आहेच की.

बंद गाडीचा हा चोरटा करंट मोजायचा असेल तर मीटर १० अँपिअरच्या भोकात लावून बॅटरीचं मायनस टोक आणि त्यावरून काढलेली वायर यांच्या मधे जोडायचा. जोडलेला असताना चुकूनही सेल्फ मारू नका, मीटर नाहीतर त्याचा फ्यूज गेलाच.

‘वीं’ सोडून दुसरे आवाज असतील तर त्यांची कुळी वेगळी. इंजिनच्या तालावर टक-टक-टक येत असेल, तेही एफएमवरच, तर स्पार्क प्लग बघा. सर्व्हिसिंगला कुणी बिनरेझिस्टरचा प्लग टाकलाय का? एनजीकेच्या प्लगच्या नंबरात आर असतो तो रेझिस्टरवाला. खड्ड्यात चर्र होत असेल तर कपलर सैल. आणि स्पीकरची मायनस वायर चॅसीला कुठंही टेकू देऊ नका. जुन्या टेपरेकॉर्डरच्या सवयीनं काही जण दोन्ही स्पीकरची मायनस एकत्र करून बॉडीला देतात. आताच्या कार रेडिओत स्पीकरच्या दोन्ही वायरी जिवंत असतात. एक टेकली की रेडिओ स्वतःला वाचवायला बंद पडतो, नाहीतर आतला आयसी घेऊन जातो. मी जे दोन स्पीकर बदलले, त्यांचं काहीच बिघडलं नव्हतं, एकाच्या मागचं पान फेअरिंगच्या स्क्रूला घासत होतं.

फायबरच्या फेअरिंगवर अँटेना ठेवायचाच असेल तर त्याच्या बुडाला धातू लागतो. कारच्या छपराचा पत्रा तिथं अर्धं काम करत असतो, फायबर काही करत नाही. बुडापासून चॅसीपर्यंत आखूड जाड वायर द्या. काठी साधारण पाऊण मीटरची चांगली, १०० मेगाहर्ट्झच्या लहरीचा पाव हिस्सा तेवढाच येतो. बोटाएवढा रबरी अँटेना दिसायला छान. मी मागं कॅरिअरवरच ठेवलाय, फक्त तिथला जोड नवा केला.

आता एक तक्रार जी रेडिओची नाहीच. खानापूरच्या एका मित्राचा रेडिओ अमेरिकेतून नातेवाइकांनी आणलेला. कोल्हापूर आकाशवाणीचं १०२.७ व्यवस्थित, पण गोव्यात उतरल्यावर पणजीचं १०५.४ काही केल्या स्वच्छ लागेना. त्यानं अँटेना दोनदा बदलला. अमेरिकन सेटिंगवरचा रेडिओ एफएममध्ये ०.२ च्या उड्या मारतो आणि फक्त विषम दशांशावर थांबतो: १०५.३, मग थेट १०५.५. आपल्याकडं ०.१ ची पायरी लागते. मीडियम वेव्हवरही तेच, तिकडं १० किलोहर्ट्झची पायरी, आपली ९ ची. आजोबांच्या ट्रान्झिस्टरवर कायम असायचं ते धारवाडचं ७६५ त्या रेडिओला सापडणारच नाही, तो ७६० वर थांबतो नाहीतर ७७० वर. सेटिंगमध्ये ‘एरिया’ किंवा ‘रीजन’ शोधा, आशिया किंवा युरोप करा. स्टेशनं पुसली जातील, परत लावा. जपानहून आलेला जुना सेट असला आणि त्यात हे सेटिंग नसलं तर मात्र नाद सोडा, तो ९० च्या वरच चढत नाही.

तसंच जांबोटीवरून कणकुंबी ओलांडून चोर्ल्याला उतरताना एफएम विझतं, ते डोंगरामुळं. एफएमला मधे आडोसा नसलेली सरळ वाट लागते. तिथं थांबून वायरी उचकटत बसलेला माणूस मी बघितलाय. आरशात बघितलाय.

नवा रेडिओ घेणारच असाल तर मरीन लिहिलेला घ्या, बोटीसाठी बनवलेला. त्याच्या आतल्या बोर्डावर ओल धरू नये म्हणून लेप असतो, तोंडाला रबर असतं. महाग पडतो. पण कारच्या रेडिओवर पॉलिथिनची पिशवी घालून चार महिने काढण्यापेक्षा बरा, आणि पिशवीत आतून घाम सुटतो तो वेगळाच. ‘४ बाय ५०’ (चार स्पीकरना पन्नास-पन्नास वॅट) छापलेलं वाचून बॅटरीची काळजी करू नका, तो आकडा खोक्यापुरता. ऐकण्याजोग्या आवाजाला दोन-तीन अँपिअर लागतात, गाडी चालू असताना ते सहज भरून निघतात. लाल सिग्नलला इंजिन बंद करून तासभर वाजवणार असाल तर गोष्ट वेगळी.

माझ्या गाडीवर ती वायर टाकल्याला दोन पावसाळे झाले. दर जूनच्या आधी मीटर लावून बघतो, मागच्या वेळी ०.०६ होते. एक गोष्ट अजून सुटलेली नाही. गाडीला स्वस्तातले एलईडी फॉग लॅम्प आहेत, ते लावले की एफएमवर खरखर येते, ब्लूटूथवर नाही. दोष दिव्यांच्या ड्रायव्हरचा, म्हणजे एलईडीला वीज पुरवणाऱ्या आतल्या सर्किटचा आहे, कारण दिव्यांचा फ्यूज काढला की आवाज स्वच्छ होतो. त्यांच्या वायरीवर खरखर शोषणारं फेराइटचं कडं चढवलं, रेडिओच्या वायरीपासून लांबून नेल्या, निम्मी कमी झाली. निपाणीच्या अलीकडं तवंदी घाटात धुकं असलं की मी दिवे लावतो आणि रेडिओ बंद करतो.